लाळेवर जगणारा सांधा

डॉ. पद्मजा मगदूम यांच्या दाढेतलं भरण निखळलं, ते साधा आमटी-भात खाताना. ऊस सोलताना किंवा खडीसाखर फोडताना निखळलं असतं, तर निदान सांगायला काही कारण तरी झालं असतं. जिभेला काहीतरी टणक लागलं, पद्मजानं ते बोटांनी काढून ताटाच्या कडेला ठेवलं आणि डाळीतला खडा समजून आणखी दोन घास खाल्ले. मग जीभ डावीकडच्या शेवटच्या दाढेकडे गेली आणि तिथं तिला खड्डा सापडला. ताटात पडला होता तो खडा नव्हता, तिच्या सगळ्या कामाचा पहिला नमुना होता.

स्वयंपाकघर शांत होतं. भाकरीयंत्र एक भाकरी भाजून केव्हाच गार पडलं होतं. त्या यंत्रावर एकपासून बारापर्यंत आकडे होते, पण अक्का घर सोडून गेल्यापासून पद्मजानं काटा एकवरून हलवला नव्हता. तिनं ते भरण नळाखाली धुतलं, वेलदोड्याच्या रिकाम्या डबीत ठेवलं आणि उरलेला भात संपवला. घरात सांगायला कोणी नव्हतं. संस्थेत सांगण्यासारखी माणसं होती, पण त्यांना सांगायची तिची हिंमत नव्हती.

हिंमत नसायला कारण होतं. जो डिंक एकदा दाताला धरला की सोडत नाही असं ती गेली नऊ वर्षं व्यासपीठांवरून सांगत आली होती, त्याच डिंकानं तिच्याच तोंडात तिला तोंडघशी पाडलं होतं.

दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, कोरडं आणि टणक असतं. त्याला काहीही चिकटवा, ते सहसा चिकटून राहतं. खरी पंचाईत आतल्या थराची, डेंटिनची. डेंटिन ओलं असतं. त्यात केसाहून बारीक नळ्या असतात आणि त्यांतून सतत पाणी झिरपत असतं. भरण बसवण्याआधी डॉक्टर आम्ल लावून वरचं खनिज धुऊन काढतात. मग कोलॅजनच्या धाग्यांची जाळी उघडी पडते, आणि डिंक त्या जाळीत शिरून घट्ट होतो. पण जाळी तळापर्यंत कधीच पुरती भरत नाही. खाली पाणी उरतं, आणि डेंटिनमध्येच इतके दिवस झोपून राहिलेली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, आम्लानं जागी होऊन उघडे धागे कुरतडायला लागतात. घरातल्याच उंदरानं घरातलीच दोरी कुरतडावी, तसला प्रकार. म्हणून जुन्या काळी भरणं काही वर्षांनी सुटायची आणि खापर दातांच्या डॉक्टरांवर फुटायचं.

जगभरचे लोक हा उंदीर मारायच्या मागे लागले होते. पद्मजानं तो नाद सोडला. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळलेलं असतंच. तिनं डिंकात एक चिमुकलं प्रथिन घातलं, जे लाळेतलं हे खनिज पकडून कुरतडलेल्या जागी नेऊन बसवतं. उंदरानं रोज जितकं खावं तितकं रोज भरून निघावं, मग खाईना का बिचारा. हा डिंक स्वतःची डागडुजी स्वतः करत लाळेवर जगायचा. तिनं त्याचं नाव ठेवलं ‘सांधा’.

पहिला सांधा तिनं स्वतःच्याच दाढेत बसवून घेतला आणि दुसरा अक्काच्या. सुमतीअक्का तिची थोरली बहीण. पद्मजाची दाढ कोरली जात असताना अक्का शेजारी बसून तिचा हात धरून होती, आणि आपली पाळी आल्यावर मात्र मला काही धरायबिरायला नको म्हणाली होती. त्यानंतर सांगली-मिरजेच्या आसपासच्या चारेकशे माणसांच्या तोंडात सांधे बसले. प्रत्येकाच्या दाढेमागे नखाएवढी एक टिकली चिकटवली होती. लाळ किती सुटते आणि किती आंबट आहे, याची ती अहोरात्र नोंद करून संस्थेला पाठवायची. आता या पाहणीचा निकाल लागायचा होता. समितीनं मान्यता दिली की राज्यातल्या प्रत्येक शाळेत आणि आरोग्यकेंद्रात सांधा फुकट मिळणार होता, आणि नाही दिली तर कपाटात जाणार होता. चाळीसेक सांधे मधेच निखळले होते. ते का निखळले, याचं उत्तर समितीला हवं होतं आणि ते कोणाकडेच नव्हतं.

उत्तराचं टोक सापडलं नाझनीन मुल्लाला. नाझनीन संस्थेत आकड्यांचं काम बघायची, आणि आकडे खोटं बोलत नाहीत यावर तिची नमाजाइतकीच श्रद्धा होती. तिनं सगळ्या टिकल्यांचे आलेख भिंतभर मांडले. निरोगी माणसाच्या आलेखात जेवणाच्या वेळी डोंगर दिसायचे आणि मधल्या वेळात गवतासारख्या बारीक लाटा. ज्यांचे सांधे निखळले त्यांच्याकडे डोंगर कसले, वारुळं होती, आणि गवत तर नव्हतंच.

पद्मजाला पुढचं सांगावं लागलं नाही. तोंडाला पाणी सुटतं तेव्हाची लाळ ताजी असते, ती आंबटपणा मारते आणि तिच्यातलं खनिज प्रथिनाला नीट पकडता येतं. माणूस रेंगाळत जेवला, हसला, बोलला, पोळी करपल्याचा वास घेऊन कुरकुरला, तरी ती सुटत राहते. खाली मान घालून भराभर जेवण उरकलं की ती सुटायच्या आत ताट रिकामं होतं. मग सांधा उपाशी राहतो आणि उंदराचं फावतं.

नाझनीननं निखळलेल्यांपैकी प्रत्येकाला फोन करून काय खाता, किती वेळ खाता, जेवताना बोलता का, असं विचारलं होतं. जवळपास सगळ्यांनी एकच सांगितलं होतं, की माझं जेवताना मौन असतं.

“तुमचा आलेखही तसाच सपाट आहे, मॅडम,” नाझनीन म्हणाली. “पण तुमचा सांधा टिकलाय. एवढंच बसत नाही. तुमचंही मौन असतं का?”

पद्मजाची जीभ खड्ड्याकडे गेली आणि परत आली. “आमच्यात असतं,” ती म्हणाली.

मौनाचं नाव निघालं की आपल्याकडे पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. व्रत कशासाठी, कधीपासून, याची चौकशी करणं बरं दिसत नाही. नाझनीननं मान हलवली आणि विषय तिथंच मिटला.

संचालक डॉ. लाड यांना तर हर्ष झाला. दोष डिंकाचा नाही, डॉक्टरांचा नाही, संस्थेचा तर नाहीच नाही. अहवालात तळटीप टाकायची की मौनभोजनाचं व्रत असणाऱ्यांना सांधा बसवू नये, त्यांना जुनंच भरण द्यावं. समिती खूश आणि व्रतवाल्यांचाही मान राहिला. पद्मजानं त्यांना चहा पिऊ दिला आणि ती आपल्या खोलीत आली.

मौन काय असतं ते तिला ठाऊक होतं. तिचे वडील, अण्णा, चातुर्मासात मौनानं जेवायचे, आणि त्या घरातला सगळ्यात मोठा गोंगाट त्याच चार महिन्यांत व्हायचा. अण्णांना आमटी हवी असली की ते हुं हुं करत वाटीकडे बोट दाखवायचे. आई मुद्दाम ताक वाढायची. अण्णा डोळे मोठे करायचे, या दोघी बहिणी ठसका लागेपर्यंत हसायच्या आणि अण्णांची मान सुद्धा हसण्यानं हलायची. ते व्रत होतं. आपण रात्री ताटाशी बसतो त्याला व्रत म्हणणं म्हणजे अण्णांच्या तोंडावर खोटं बोलणं होतं, आणि ते आपण बोललो याची तिला लाज वाटली.

लाज वाटली तशी शंकाही आली. मी खोटं बोलले, तर बाकीच्यांचं काय?

तिनं मिरज गाठली. यशवंत ढोबळे हे पाहणीतले सगळ्यात लाडके पेशंट. त्यांचा सांधा तीनदा निखळला होता आणि दरवेळी ते जत्रेला आल्यासारखे हसतमुखानं दवाखान्यात यायचे. जन्मभर त्यांनी एस.टी. स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारल्या होत्या. आता गाड्या बिनचालकाच्या झाल्या होत्या आणि त्या स्वतःच स्वतःला पुकारायच्या, तेही एकदम शुद्ध भाषेत, ज्याचा ढोबळ्यांना भारी राग होता. त्यांनी स्टोव्हवर चहा ठेवला आणि कपबशा फडक्यानं दोनदोनदा पुसल्या. पद्मजानं इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, की मौन कधीपासून धरलंत. ढोबळ्यांनी चहा कपांत ओतला.

“खरं सांगू का बाई, मौन-बिन काय नाही,” ते म्हणाले. “मंडळी गेल्यापासनं बोलायचं कुणासंगं? त्या पोरीनं फोनवर इचारलं, जेवताना बोलता का. कुणी नाही, असं म्हणायला जीभ रेटंना. मौन आहे म्हटलं की माणूस मान देतोय.”

पद्मजानं मान खाली घातली. आपलंही तसंच, एवढं म्हणायला तिचीही जीभ रेटली नाही. त्यांनी आता यावर औषध काय ते विचारलं, तेव्हा ती डॉक्टरसारखं म्हणाली की जेवताना कोणीतरी बरोबर असावं.

“कोण, तेवढं पण लिहून द्या,” ढोबळे म्हणाले.

ते थट्टा करत नव्हते. तिनं चहा संपवला, त्यांनी आणखी अर्धा कप ओतला आणि ती आणखी अर्धा तास बसली. निघताना ते कोपऱ्यापर्यंत आले आणि संस्थेच्या गाडीच्या काचेवर वाकून सवयीनं म्हणाले, सांगलीला जाणारी गाडी सुटते आहे.

एकट्या ढोबळ्यांवरून काही सिद्ध होत नव्हतं. पद्मजाला खरं मौन पाळणारं माणूस हवं होतं. ते तिला जयसिंगपूरला सापडलं. रत्नाबाई चौगुले यांनी लग्न झाल्यापासून जेवताना एक शब्द उच्चारला नव्हता, आणि घरात खाणारी चौदा तोंडं होती. पद्मजा मुद्दाम जेवणाच्या वेळी गेली. रत्नाबाई मधोमध बसल्या होत्या. एक नात त्यांच्या ताटात, त्यांनी खुणेनं मीठ मागितलं की, लोणचं वाढत होती, सून कोणाच्या तरी साखरपुड्याची हकीगत सांगत होती, आणि रत्नाबाई भुवया, मान, खांदे, सगळ्यांनी तिला उत्तरं देत होत्या. जेवण उरकायला पाऊण तास लागला. पद्मजानं त्यांचा आलेख काढून पाहिला. सगळ्या पाहणीतला सगळ्यात उंच डोंगर तिथं होता आणि सांधा ठणठणीत होता.

म्हणजे मौनाचा संबंधच नव्हता. लाडांची तळटीप चूक होती. सांधे निखळत होते ते एकट्यानं जेवणाऱ्यांचे.

त्या दिवशी परत आल्यावर तिनं आणखी एक आलेख उघडला, जो उघडायचा ती टाळत होती. पेशंट क्रमांक दोन. अक्काचा सांधा बसवल्यावर पाच वर्षांनी निखळला होता, तेव्हा दोघी सांगलीच्या घरात एकत्रच राहत होत्या. पद्मजा तिच्यावर चिडली होती. सुपारी फोडली असशील दातांनी, माझं काम वाया घालवलंस, असं काहीबाही बोलली होती. अक्कानं फक्त म्हटलं होतं, की मी सुपारी खात नाही, हे तुला माहीत नाही होय गं.

अक्का सूर्यास्ताआधी जेवायची. दिवस बुडाल्यावर पाणीसुद्धा नाही, हा आईपासून चालत आलेला नेम. पद्मजा संस्थेतून यायची ती अंधार पडल्यावर. तिचं ताट झाकलेलं असायचं. ते ती पुस्तक समोर धरून संपवायची, अक्का आतल्या खोलीत जपाला बसलेली असायची. एका घरात दोघी होत्या आणि दोघी रोज एकट्या जेवत होत्या, हे पद्मजाच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. शेवटी अक्का इचलकरंजीला मुलाकडे राहायला गेली. तिथं निदान नातवंडं जेवतात माझ्याबरोबर, एवढंच तिनं कारण सांगितलं. पद्मजाला ते कारण वाटलं नव्हतं, टोमणा वाटला होता, आणि त्यानंतर फोन सणावारापुरते उरले होते.

आलेखात अक्काची सांगलीतली वर्षं पद्मजाच्या आलेखासारखीच सपाट होती. ती इचलकरंजीला गेली त्या आठवड्यापासून तिथं डोंगर उभे राहिले होते. तिचा दुसरा सांधा अजून शाबूत होता. पद्मजानं तो पडदा बंद केला नाही, तशीच त्याच्यासमोर बसून राहिली. आपल्याबरोबर राहून अक्का एकटी पडली होती आणि आपल्याला सोडून ती बरी झाली होती. यापुढे कसली तळटीप टाकणार?

समितीची बैठक दुपारी होती. लाडांनी तळटीप मोठ्या झोकात वाचून दाखवली आणि पद्मजाकडे बघून तिला दुजोरा द्यायला सांगितलं. लाडांनी रात्रंदिवस खपून हा प्रस्ताव इथवर आणला होता, ते काही वाईट मनुष्य नव्हते. एक हो म्हटलं असतं तर सांधा पुढच्या जूनमध्ये शाळांमध्ये पोचला असता. पद्मजानं पर्समधून वेलदोड्याची डबी काढली, उघडली आणि टेबलावर ठेवली.

“हा पहिला सांधा. माझा,” ती म्हणाली. “मौनामुळे नाही निखळला. मी एकटी जेवते.”

नाझनीन डबीकडे नाही, तिच्याकडे बघत होती. मग पद्मजानं रत्नाबाईंचा आलेख दाखवला, ढोबळ्यांचा दाखवला, अक्काचाही दाखवला. तळटीप टाकली तर ती खोटी ठरेल आणि खरी लिहायची तर लिहावं लागेल की ज्यांना कोणी नाही त्यांना हा डिंक देऊ नका. तसं लिहायला मी तयार नाही, असं तिनं सांगितलं. कमी लाळेवरही तग धरणारं प्रथिन शोधता येईल, पण त्याला वर्षं लागतील, हेही लपवलं नाही. समितीनं आपापसात कुजबुज केली आणि मान्यता पुढं ढकलली. योजनेचे पैसे यंदा दुसऱ्या कामाकडे वळतील, असंही अध्यक्षांनी सौम्यपणे सांगितलं. लाड तिच्याशी न बोलता निघून गेले. जिन्यात नाझनीननं तिला गाठलं. उद्या डबा आणाल का मॅडम, मी तुमच्या खोलीत येते, एवढंच म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता खाली उतरली.

पद्मजानं तिथंच उभं राहून अक्काला फोन लावला. आज जेवायला येते, म्हणाली. अक्का म्हणाली, “ये. उजेड असेस्तोवर ये.”

तीसेक किलोमीटरचा तर रस्ता, आणि सूर्य मावळायला भरपूर अवकाश होता. पण हंगाम उसाचा होता. बिनचालकाची एस.टी. अंकलीच्या पुढं गेली आणि उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे अडकली. माणूस चालवत असता तर त्यानं हॉर्न मारला असता, एक शिवी हासडली असती आणि उजव्या अंगानं काढली असती. ही गाडी मात्र शहाणी. समोरच्या वाहनापासून सुरक्षित अंतर राखले जात आहे, असं ती दर थोड्या वेळानं प्रेमळ आवाजात सांगायची आणि ट्रॉलीच्या मागून मुंगीच्या पावलानं सरकायची. ढोबळ्यांना तिचा राग का येतो, ते पद्मजाला त्या प्रवासात पुरतं कळलं. खिडकीबाहेर सूर्य उसाच्या तुऱ्यांपर्यंत उतरला, मग तुऱ्यांच्या आड गेला. तिनं अक्काला परत फोन केला नाही. तू जेवून घे, हे वाक्य तिनं आयुष्यात फार वेळा म्हटलं होतं.

घरी पोचली तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. भाचा कामावरून यायचा होता, नातवंडं जेवून अभ्यासाला बसली होती. अक्का दारातच होती. चार वर्षांत तिचे केस पार पांढरे झाले होते. स्वयंपाकघरात दोन ताटं वाढलेली होती, दोन्हींवर झाकण होतं, आणि दोन्हींतलं काही हललेलं नव्हतं.

“तू जेवली नाहीस?” पद्मजानं विचारलं.

“तू येते म्हणालीस ना,” अक्का म्हणाली.

“मग आता?”

“आता उद्या.” अक्कानं आपल्या ताटातली भाकरी शांतपणे दुरडीत परत ठेवली, पाट ओढला आणि पद्मजाच्या शेजारी बसली. “हात धू. गार होतंय.”

पद्मजानं घास घेतला. वरणात लसूण नव्हता आणि हिंग भरपूर होता, अगदी आईच्या हातचं वरण. ती उजव्या बाजूनं चावत होती, ते अक्काच्या लगेच लक्षात आलं आणि तिनं तोंड उघडायला लावून आत डोकावून पाहिलं. तुझाही पडला होय, एवढंच ती म्हणाली. सुपारीचं नाव तिनं काढलं नाही. मग तिनं शेजारणीच्या सुनेची हकीगत काढली, मग धाकट्या नातवानं शाळेत केलेल्या पराक्रमाची, मग अण्णांना आईनं ताक वाढलं होतं त्या जुन्या गोष्टीची. उपाशीपोटी ती बोलत राहिली आणि पद्मजाच्या वाटीत डाव घालत राहिली.

पद्मजाच्या तोंडाला पाणी सुटत होतं. दाढेमागची टिकली ते मुकाट्यानं संस्थेकडे पाठवत असेल, हे तिच्या मनात आलं आणि गेलं. उशीर झाला, अक्काला भूक लागली असेल, या विचारानं ती भराभर चावू लागली.

अक्कानं तिच्या मनगटावर हात ठेवला.

“सावकाश जेव,” ती म्हणाली. “मी बसलेय.”